क्लिफचा उसना आवाज

"हा माणूस आता थांबत का नाही?" वर्न म्हणाला.

लोरेटाने मान वर केली नाही. ड्रमच्या मागे बसून ती किल्लीने कातडं ताणत होती. "कोण?"

"कोण म्हणजे? तो बघ."

स्टेजच्या टोकाला क्लिफ गुडघ्यावर बसला होता. जत्रेत लिंबू सरबत विकणाऱ्या दोन बायका काम सोडून खाली कठड्याशी आल्या होत्या आणि तो त्यांच्या टोप्यांवर सह्या करत होता. सत्तरी उलटली तरी केस मागे सारण्याची ढब तीच. वर्न हे आयुष्यभर बघत आला होता. त्यांच्या 'आयर्न सायलो' बँडची गाणी दोघांनी मिळून केली, पण टोप्या नेहमी क्लिफकडेच आल्या.

शेजारच्या मंडपात डुकरांच्या स्पर्धेचा निकाल पुकारला गेला. टाळ्या झाल्या.

"घे," लोरेटा म्हणाली. "डुकराला पहिला नंबर मिळाला, आणि तुला अजून कोणी विचारत नाही."

"हस तू. आज काय ते ठरवायचंय, लक्षात आहे ना?"

तिच्या लक्षात होतं. पुढच्या उन्हाळ्याचा दौरा करायचा की बँड कायमचा बंद करायचा, हे मॅनेजरला आज कार्यक्रमाआधी कळवायचं होतं. बँड तिघांनी काढला होता आणि नियमही तिघांचा होता: एकाने जरी 'नाही' म्हटलं, तरी खेळ खलास. वर्न 'नाही'च म्हणणार होता. पण नुसतंच 'नाही' म्हटलं असतं तर आयोवाभर झालं असतं की म्हातारा जळतो. त्याला कारण हवं होतं, आणि ते सापडल्यासारखं वाटत होतं.

हिवाळ्यातल्या एका कार्यक्रमात क्लिफला पडद्यामागे बोलतासुद्धा येत नव्हतं, इतका खोकला होता. पुढे जाऊन मात्र तो सगळी गाणी गायला.

"लोरेटा, खरं सांग. क्लिफ टेप लावून नुसते ओठ हलवतो ना?"

तिच्या हातातली किल्ली थांबली. "टेपचं कोणी सांगितलं तुला?"

"म्हणजे आहे!"

"मी तसं म्हटलं का?" किल्ली पुन्हा फिरू लागली. "वर्न, क्लिफला गेल्या वर्षीच थांबायचं होतं."

"मग थांबला का नाही?"

"त्याला वाटतं, बँड बंद झाला तर कोणीतरी मोडून पडेल."

"कोण पडणार? तोच! टाळ्यांशिवाय त्याला घास उतरत नाही."

लोरेटाने किल्ली खिशात टाकली.

तेवढ्यात क्लिफ आला. "काय राजे? हात कसा आहे?"

रोज हाच प्रश्न, तोही चारचौघांत. थकलेल्या घोड्याला विचारावं तसा.

"हात झकास आहे. तुझा गळा कसा आहे?"

"फाटलाय." क्लिफ हसला. "चला, एकदा वाजवून बघू. मग तिघं बसून बोलू."

सगळ्यांनी कानात इअरफोनची बोंडं घातली. बोंडांत ज्याला त्याला स्वतःचंच वाद्य मोठं ऐकू येई. वर्नला तर त्यात आपली गिटार अजून तिशीतल्यासारखी वाटायची. बाहेर लोकांना काय ऐकू जातं, ते मैदानात टेबलाशी बसलेल्या ऑगीलाच ठाऊक. स्पीकरचा सगळा कारभार त्याच्या हातात होता.

गाणं सुरू झालं. पहिली दोन कडवी गिटारला काम नव्हतं. गळा, ड्रम आणि पगारी बेसवाला, एवढंच. वर्नच्या गिटारला वायर नव्हती, तिचे सूर बिनतारी जात. क्लिफने डोळे मिटले, आणि वर्न बाजूच्या शिडीने गुपचूप खाली उतरला. प्रेक्षकांच्या रिकाम्या बाकांवर जाऊन बसला.

ऑगी टेबल सोडून धापा टाकत आला. "अरे, इथे कशाला? ऊन आहे. वर चल ना!"

"माझाच बँड आहे. जरा ऐकू दे."

"संध्याकाळी ऐकवतो, घरी रेकॉर्डिंग देतो. आत्ता चल."

"एवढा का घाबरलास, ऑगी? काय लपवताय तुम्ही लोक?"

ऑगी टोपी काढून घाम पुसत राहिला. वर्नने कानातली बोंडं काढली.

क्लिफचा आवाज मैदानावर आला. चिरका आणि दमलेला. वरच्या सुराला तो निम्म्यापर्यंत गेला आणि फाटला. तरी क्लिफ तसाच पुढे गायला. टेपचा पत्ता नव्हता. त्याच्याजवळ उरला होता तेवढाच गळा होता.

बँड बंद करायला एवढं कारण पुरे होतं; वर्नला आनंद व्हायला हवा होता. पण सरबतवाल्या बायका कठड्याला रेलून ऐकत होत्या आणि त्यांतली एक डोळे पुसत होती. एवढा फाटका आवाज, तरी डोळे पुसायला लावतो!

दुसरं कडवं संपत आलं. आता गिटारची जागा येणार. पडू दे तिथे खड्डा, त्याला वाटलं. एकदाचं कळू दे सगळ्यांना, बँड कोणाच्या जिवावर उभा आहे ते.

"वर्न, ऐक माझं—" ऑगी म्हणाला, आणि पुढचं न बोलता टेबलाकडे धावत सुटला.

वर्नने गिटार बाकावर उताणी ठेवली. दोन्ही हात खिशात घातले आणि शांततेची वाट बघत बसला.

कडवं संपलं, आणि स्पीकरमधून वर्नची गिटार एकही सूर न चुकता खणखणीत वाजू लागली.