पाठीवरची अक्षरं

नवऱ्याची आंघोळ आटपायच्या आत तिला सदऱ्याच्या पाठीवर कापडाचा तुकडा टाचायचा होता. पांढऱ्या तुकड्यावर काळ्या दोऱ्याने तिने तीनच शब्द भरले होते. ऐकू येत नाही.

चाळीस वर्षं पाट्या रंगवणारा हा माणूस बहिरा आहे, हे गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. समोरच्याच्या ओठांवरून तो सगळं ओळखायचा आणि चुकलं की हसून वेळ मारून न्यायचा. लग्नानंतर तिलासुद्धा कळायला वर्ष लागलं होतं.

काल कोपऱ्यावरच्या पोलिसांनी त्याला मागून तीनदा दरडावलं, थांब म्हणून. हा आपला रंगाचा डबा हलवत सरळ पुढे. बंदूक वर झाली तेव्हा भाजीवालीने धावत येऊन त्याला बाजूला ओढलं. संध्याकाळी तिनेच येऊन हे सांगितलं. हा मात्र घरी येऊन म्हणाला होता, त्या भाजीवालीला वेड लागलंय, भररस्त्यात हात धरते.

पूर्वी त्या कोपऱ्यावर एक हवालदार असायचा. काठी भिंतीला टेकवून यायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि विचारायचा, काय पेंटर, आज कुणाचं नाव मोठं करताय? आता तिथे वाळूची पोती आहेत, लोखंडी गाडी आहे, आणि पोरसवदा पोलिसांच्या तोंडांवर हेल्मेटच्या काळ्या काचा. ओठच दिसत नाहीत.

सदरा अंगात घालताना त्याच्या हाताला शिवण लागली. त्याने सदरा उलटा करून वाचला आणि खाली बसला. तिने त्याच्यासमोर बसून सावकाश सगळं सांगितलं, बंदुकीचंही.

"जन्मभर झाकलं," तो म्हणाला, "आणि तू पाठीवर टांगलंस."

"लाज गेली तर जाऊ दे. तुम्ही घरी या."

मग त्याने नखाने टाके उसवले आणि तुकडा बाजूला ठेवला. सदरा फरशीवर ताणून पसरला. डबा उघडला, रुंद ब्रश घेतला आणि एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत पहिला शब्द ओढला.

तिने दंडाला हात लावला तेव्हा त्याने वर पाहिलं. माझं अक्षर वाईट होतं का, तिने विचारलं.

"छान आहे गं अक्षर तुझं. पण ते वाचायला माणसाला जवळ यावं लागतं. ही पोरं जवळ येत नाहीत."