डावी पाकळी

देवाच्या डाव्या खांद्यावरची पाकळी काही निघेना.

बयाबाईने आधी झऱ्याचं पाणी ओतलं. मग नखाने खरवडलं. पाकळी फाटली, पण तिचं बूड दगडाला धरूनच राहिलं. बाहेर देवराईत करवती सुरू झाल्या होत्या.

काल संध्याकाळी अख्ख्या वाडीदेखत कौल लागला होता. देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने चिकटवलेल्या चाफ्याच्या पाकळ्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. लावणारा पुजारी म्हणजे बयाबाईचाच नवरा, भागोजी. उजवी बघता बघता पडली. राई तोडायला देवाने परवानगी दिली. उरलेली पाकळी दुसऱ्या दिवशी काढून झऱ्यात सोडायची, हे काम पुजाऱ्याच्या बायकोचं.

राई तोडायची ती रस्त्यासाठी. महाडकडे कारखाने वाढले होते, लाकूड हातोहात खपत होतं. ठेकेदार म्हणाला, झाडं मला द्या, खालच्या हमरस्त्यापर्यंत रस्ता फुकट करून देतो. फुकट! राई गेली की तिच्या पोटातला झरा जाणार, आणि वैशाखात वाडीला दुसरं पाणी नाही. वाडीला हे ठाऊक नव्हतं? वाडी काय खुळी होती? पण आजारी माणसाला डोलीत घालून डोंगर उतरवायचा आणि अर्ध्या वाटेतून प्रेत माघारी आणायचं, याला सगळे विटले होते. बयाबाईची सून तशीच गेली होती. तरी बयाबाई राईच्या तोंडाशी, पहिल्याच झाडाला, बेहड्याच्या खोडाला पाठ लावून बसली. पुजाऱ्याच्या बायकोला हात कोण लावणार? शेवटी तीच म्हणाली, "देव हो म्हनला, तर उठते."

आणि उठली.

आता तिने बोटाला बोट लावून पाहिलं. चिकटलं. फणसाचा चीक! काल कौलानंतर भागोजी चुलीपाशी बसून बोटांना खोबरेल चोळत होता. तेलाची वाटी तिनेच पुढे केली होती.

फाटकी पाकळी घेऊन ती धावत बाहेर आली. बेहडा आडवा झाला होता. सगळी वाडी भोवती उभी, त्यांत भागोजीही.

"चीक हाय ह्यो! डावी पडनारच नव्हती! इचारा ह्याला, इचारा!"

कुणी विचारलं नाही. "दाखव बघू" असंही कुणी म्हणालं नाही. गावकीचा म्होरक्या महिपत आपल्या पायांकडे बघत राहिला. बायांनी तोंडाला पदर लावले.

"सगळ्यांना ठाव होतं?"

करवत थांबली नाही. भागोजी जवळ आला, हळू बोलला.

"देवाला काय इचारायचं होतं गो? देव काय डोलीतनं उतरतो? वाडीचं कवाच ठरलेलं. कौल देवाला नव्हताच लावला, बये. तुला लावला होता."