यात्रेतली शेवटची बास्केट

भिंतीवर ‘जयराज’ एवढी अक्षरं रंगवून झाली होती. आडनाव अजून खडूनं आखलेलंच होतं. जयराज खाली उभा राहून वर बघत होता आणि पुढचं रंगवूच नये असं त्याला वाटत होतं. शिडीवर मिलिंद होता. फ्लेक्सच्या जमान्यातही या गावात भिंतीवरची अक्षरं त्याच्याच हातची, मग चौदा एप्रिलची कमान असो नाहीतर देवीची यात्रा. उद्या बास्केटबॉलच्या नव्या मैदानाला जयराजचं नाव द्यायचं होतं. जिवंतपणी असा मान मिळणारा गावातला तो पहिलाच. कमिटीची माणसं विचारायला घरी आली, तेव्हा नाही म्हणायचं त्यानं दोनदा मनात आणलं आणि चहा सांगितला.

कारण एकच. सत्त्याण्णव सालची ती बास्केट.

सांगली-साताऱ्याकडं यात्रा म्हटली की कुस्त्या आल्याच. या गावाला मात्र जास्तीची एक हौस होती. घरटी एक माणूस पलटणीत. यात्रेला रजेवर येताना कुणीतरी पलटणीचा बास्केटबॉलचा संघच सोबत घेऊन यायचा. मग शाळेच्या पटांगणात गावच्या पोरांशी प्रदर्शनीय सामना. बाया गच्चीवर, म्हातारे खुर्च्या टाकून शेंगा फोडत. पाहुणे उंचेपुरे, सगळा वेळ पुढं. आणि शेवटच्या मिनिटाला गाव एका बास्केटनं जिंकायचं. दरवर्षी! तरी कुणाला शंका आली नाही. आपल्या गावाचं कौतुक आपल्याला लगेच पटतं.

खरी गोष्ट अशी, की यात्रेत यजमान गावाला हरवायचं नाही हा पलटणवाल्यांचा रिवाज होता. मध्यंतराला त्यांचा हवालदार गावच्या एकाच पोराच्या कानात सांगायचा, शेवटचा चेंडू तू घे. नुरा कुस्तीच ती, फक्त माती नव्हती. ज्याला सांगितलं, तो जन्मभर गप्प बसायचा.

त्या साली साखर कारखान्याच्या चेअरमननी आधीच जाहीर केलं होतं, खेळाडूंच्या कोट्यातली एक जागा आहे, यात्रेत जो चमकेल त्याची. ती मिलिंदची, असं सगळं गाव धरून चाललं होतं. त्याच्यासारखा नेम पंचक्रोशीत नव्हता. मध्यंतराला जयराज नळावर पाणी पीत होता. हवालदार शेजारी येऊन वाकला. “आखरी बॉल तू लेना. मैं हट जाऊंगा.” जयराजनं मान हलवली. विचार करायला त्याला एक घोटभरही वेळ लागला नाही.

शेवटच्या सात सेकंदांत चेंडू मिलिंदच्या हातात होता. जिथून तो कधी चुकत नसे, नेमका त्याच जागी तो उभा होता. त्यानं चेंडू जयराजकडं टाकला. हवालदार बाजूला झाला. पोरांनी जयराजला खांद्यावर घेतलं, चेअरमननी तिथंच हार घातला, आणि तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं तो कारखान्याच्या टाइम ऑफिसात पंख्याखाली बसत आला. मिलिंद शिड्या चढत राहिला. जयराजला बास्केटपेक्षा त्या पासचीच जास्त लाज वाटायची. बिचाऱ्यानं भरवशानं दिला आणि आपण आयत्या बिळावर नागोबा झालो. यात्रेत कुणी नव्या पोरांना तो किस्सा सांगायला लागलं, की हा आपला चपला शोधू लागायचा.

“मिल्या, जरा खाली ये,” जयराज म्हणाला. “नाव पुसून टाक ते.”

“का रं? अक्षर वाकडं आलं व्हय?”

मग जयराजनं सगळं सांगून टाकलं. हवालदार, नळ, आपण हलवलेली मान. “ती बास्केट सोडलेली हुती गड्या. तुजी नोकरी मी खाल्ली. उद्या माइकवर समद्यांम्होरं सांगणार हाय.” बोलताना त्याची मान वर झाली नाही. पण बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. निदान आता तरी आपण खरं वागलो, असंही वाटून गेलं.

मिलिंद शिडी उतरून खाली आला. त्यानं ब्रश डब्याच्या कडेला निथळला. तो रागावला नाही. त्याला नवलही वाटलं नाही, आणि तेच जयराजला खटकलं.

“म्हाईत हाय मला,” मिलिंद म्हणाला. “हवालदार आदी माज्याकडंच आला हुता. मी म्हणलं, सोडलेली बास्केट मला नगं.”

जयराजनं मान वर केली. “आन् नोकरी?”

“नोकरी पायजेच हुती की. आय आजारी हुती घरात.”

“मग त्यो माज्याकडं कसा आला?”

“त्यो म्हणला, तू न्हाई तर दुसरा कोण?” मिलिंदनं हात पुसले आणि पहिल्यांदाच जयराजच्या तोंडाकडं नीट बघितलं. “मी म्हणलं, जयराजला इचारा. त्यो न्हाई म्हणायचा न्हाई.”