नऊ आणि नव्वद

ही गोष्ट २०४७ सालची. तहसील कचेरीतल्या कारकुनांचे चष्मे तेव्हा तासाला किती अर्ज निकाली निघाले ते मोजत, आणि महिनाअखेर ज्याचा आकडा सर्वांत कमी, त्याची नोकरी जाई. शुभदाताईंचे नऊ होत, शेजारच्या प्रणित बोराटेचे नव्वद.

“ताई, वाचत काय बसता? पोथी आहे का ती?” तो हसे.

हा वाचतच नाही, असा ताईंना दाट संशय आला. साहेबांना दाखवावं म्हणून त्यांनी त्याच्या गठ्ठ्यात वारसनोंदीचा एक अर्ज सरकवला. मयताचं नाव, प्रणित बोराटे.

“मंजूर,” प्रणित म्हणाला आणि सरकारदरबारी मेला. हजेरीपटावरून त्याचं नाव तत्काळ उडालं.

महिनाअखेर ताईही घरी बसल्या. प्रणितने आपण जिवंत असल्याचे चौदा अर्ज केले. ते वाचणारं कचेरीत कुणी उरलंच नव्हतं.