थुंकीनं चिकटवलेली शिफारस

पुस्तकांच्या दुकानातल्या ताईनं राजीनामा दिला; मालकांनी तो घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला आणि काही झालंच नाही असं ठरवलं. ताई स्वतः वाचलेल्या पुस्तकांवरच ‘मी दोनदा वाचलं’ अशी चिठ्ठी लावायची. गिऱ्हाइकं तिच्या शब्दावर पुस्तक न्यायची. राजीनाम्याच्या थोडं आधी अभिवाचनाला आलेले लेखक, म्हणजे मालकांचे मेहुणे, अंगठा चाटून पानं उलटत होते. वाचन संपल्यावर त्यांनी शेजारच्या कादंबरीवरची ताईची चिठ्ठी उचकटली, मागून चाटली आणि स्वतःच्या पुस्तकावर थापली. नेहमीच्या आजींनी तेच पुस्तक उचललं. “ताई म्हणते म्हणजे डोळे मिटून घेते.” “आजी, डोळे उघडा, ते ओलं आहे.” “अगं, घरचा माणूस आहे,” मालक पुटपुटले. राजीनाम्याखाली एकच विनंती होती: सदर चिठ्ठी रद्द समजून तीवरील थुंकी मूळ लेखकास पोच घेऊन परत करण्यात यावी.