गल्लीची खुर्ची

बाई पुढच्या दारातून आत आल्या आणि खुर्ची मागच्या दारातून. सासूबाईंनी ती फडक्याने पुसली, भिंतीला लावली, आणि लग्नात मिळाल्यासारख्या तोऱ्यात म्हणाल्या, "बसा की. आपलीच आहे."

बाई बसल्या. लाकडी खुर्ची, डावा हात मोडलेला, निळ्या वायरने आवळून बांधलेला. बाईंचा अंगठा आपोआप त्या वायरीवर गेला.

या बाई पाहणीवाल्या. माणसं कशी जगतात ते घरोघर विचारायचं आणि फॉर्मवर लिहून न्यायचं, हे त्यांचं काम. खर्च सरकारचा. पुढे शिकलेली माणसं त्याचा जाडजूड अहवाल करतात, आणि कुठे काय उघडायचं, कुठे काय बंद करायचं ते त्यावरून ठरतं. गेल्या वर्षी बाई या गल्लीतल्या अकरा घरांत जाऊन आल्या होत्या. आज परत आल्या होत्या.

सून शिलाई मशीनवर होती. कॉलरींचा ढीग एवढा, की मागे ती बसलीय हे मशीनच्या आवाजावरूनच कळावं. मशीनच्या पायाला जुन्या चादरीची पट्टी बांधलेली, आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाला दोन वर्षांची पोरगी. पट्टी ताणेपर्यंत जायची, वळायची, परत यायची. रडत नव्हती. सवय झाली होती.

"बांधून ठेवता हिला?" बाईंनी विचारलं.

"मग काय करू? इकडे सुई, तिकडे इस्त्री." सुनेने मान वर केली नाही. "पाळणाघर होतं तोवर हिला तिथे सोडून कारखान्यात जात होते. ते उचलून नेलं पलीकडच्या वस्तीत. कारखाना सुटला. कचेरीत विचारलं तर साहेब म्हणतात, अहवालात आलंय, तुमची गल्ली खाऊनपिऊन सुखी आहे."

"कुणी लिहिलं असं?" सासूबाई कडाडल्या. "समोर आणा त्याला!"

बाईंनी फॉर्म मांडीवर पालथा ठेवला.

"मी लिहिलं."

मशीन दोन टाके आणखी चाललं.

"तुम्ही सांगितलं तेच लिहिलं, आजी," बाई म्हणाल्या. "घरात खुर्ची, आहे. पाहुण्यांना कपबशा, आहेत. महिन्यात कुणी उपाशी झोपलं का, तर नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून अर्ज केलात, म्हणून पुन्हा विचारायला पाठवलंय. या वेळी जे लिहीन त्यावर पाळणाघराचं ठरेल."

"पाहुण्याला काय सांगायचं मग? उपाशी झोपतो म्हणून? आणि ती शेजारीण दाराला कान लावून उभी असताना?"

"उभी कुठे, पाटावर बसलेय," मागच्या दारातून आवाज आला. ही शेजारीण. गल्लीत तिला भोंगा म्हणतात. ती कुजबुजली की चौथ्या घरातलं झोपलेलं माणूस उठून बसतं. "आणि जरा आटपा हो. बाई आता माझ्याकडे येणार, खुर्ची लागेल मला."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"मेलीला आत्ताच तोंड उघडायचं होतं."

सुनेने ढीग बाजूला सारला, आणि पहिल्यांदा बाईंकडे बघितलं.

"लिहा. खुर्ची नाही. ही कोपऱ्यावर कुलपं दुरुस्त करतो त्या कुलूपवाल्याची. गल्लीत एवढीच. मागच्या वेळी तुम्ही पुढून निघालात की ही मागून निघायची. तुमच्या आधी पुढच्या घरी पोचायची. कपबशा भोंगाच्या."

"एकीचा कान तुटलाय, तो भिंतीकडे करून ठेवत होतो," दारातून भर पडली.

"आणि उपाशी?" बाईंनी विचारलं. पेन हातात होतं, पण टेकलं नव्हतं.

सुनेने एकदा सासूकडे बघितलं.

"मागच्या महिन्यात चार रात्री. मी आणि आई. पोरीला दिलं होतं."

सासूबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. मग भिंतीलाच म्हणाल्या, "पाच."

"चारच, आई."

"पाच लिहा. एका रात्री हिला म्हटलं, मला भूक नाही."

बाईंनी पाच लिहिलं. आकडा नीट उमटला नाही, म्हणून पुन्हा गिरवला. सून बघत होती. आकड्याकडे नव्हे, खुर्चीच्या हातावरच्या त्या अंगठ्याकडे.

"बाई, एक विचारू? अकरा घरांत अकरा वेळा तुम्ही या एकाच खुर्चीवर बसलात. ही निळी वायर. तुम्हाला कळलं नाही?"

बाईंनी अंगठा उचलला.

"तिसऱ्या घरात कळलं होतं."

"मग?"

"फॉर्मवर विचारलं होतं, खुर्ची आहे का. कुणाची, ते विचारलं नव्हतं. आणि दिवसभर चालून पाय दुखत होते. प्रत्येक घरी बसायला मिळत होतं. म्हटलं, असू दे."

पोरगी पट्टी ताणून खुर्चीच्या दिशेने आली. वीतभर अलीकडेच अडकली. हात पुढे करून उभी राहिली.

बाई उठल्या. फॉर्म छातीशी धरून, कुठे बघावं ते न कळलेल्या माणसासारख्या.

भोंगा आत आली. नेहमीप्रमाणे तिने खुर्चीच्या पाठीला हात घातला, उचललीही. मग सगळ्यांची तोंडं बघून होती तिथेच हळूच टेकवली.

"बाई," ती म्हणाली, आणि हे मात्र शेजारच्या घरातही ऐकू गेलं नसेल, "माझ्याकडे खाली बसाल ना?"