बिनवासाची बॅग

पन्नाशीतल्या गॅस्टनने कॅनडातल्या सडबरी गावच्या नवशिक्यांच्या आइस हॉकी लीगची फी भरली, हजार डॉलरचं सामान आणलं आणि दर रविवारी बॅग उचलून जाऊ लागला. त्याची बायको लोरेट तीन हॉकीवाल्या भावांत वाढलेली. त्यांच्या घामट बॅगा अंगणातूनच नाकाला कळायच्या. दोन महिने झाले, याच्या बॅगेला वासच नाही!

"कोण आहे ती सटवी, बघतेच!" म्हणत लोरेट गुपचूप रिंकवर पोचली. गॅस्टन सगळा जामानिमा चढवून बाकाशी उभा होता, खेळणाऱ्यांसाठी बर्फावर जायचं दार उघडत.

"पहिल्याच दिवशी आपटला, मग बर्फावर उतरलाच नाही," रिंकवरची कॉफीवाली तिला म्हणाली. "एवढा खर्च करून बायकोला कुठल्या तोंडानं सांगू, म्हणतो."



तो घरी आला, तेव्हा लोरेटने नाक दाबलं. "शी! केवढा वास मारतोय त्या बॅगेला! ठेव आधी बाहेर!"